साता समुद्रापलीकडे गेलेला गोलंदाज

(रहिमतपूर येथील प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



आज आपण एका खेळाडूची हकीकत ऐकणार आहोत. माणसं खरी, गावं खरी, सालं खरी. हकीकत आहे सुभाष गुप्ते यांची. मुंबईचा हा मराठी माणूस चेंडू वळवण्यात इतका तरबेज होता की, त्या कसबावर त्याने परदेशात पगार घेतला. शेवटी तो त्रिनिदाद नावाच्या बेटावर कायमचा राहायला गेला आणि तिथेच वारला.

आमचं आयुष्य शाळेत गेलं. दरवर्षी दाखले लिहिताना शेवटच्या रकान्यात 'शाळा सोडल्याचे कारण' लिहावं लागे. पालक मुंबईला गेले, पालक पुण्याला गेले, हेच कारण पुन्हा पुन्हा यायचं. आपल्या भागाला हे नवीन नाही. रहिमतपूरच्या स्टेशनावर गाडी थांबते आणि कुणाच्या तरी घरचा एक माणूस घेऊन जाते. कुणी गिरणीत गेला, कुणी गोदीत, कुणी माथाडी झाला. तिकडे खानापूर-आटपाडीची मंडळी सोनंचांदी गाळण्याच्या गलाईच्या धंद्यासाठी पार बंगाल, मद्रासपर्यंत पसरली. हातात कसब असलं की माणूस दाम मिळेल तिकडे जातो. खेळाडूचंही तसंच असतं. फक्त आपण त्याला पोट आहे हे विसरतो.

आता कुणी म्हणेल, खेळण्याचे पैसे घ्यायचे म्हणजे काय? खेळ तो खेळ. पण मंडळी, कुस्तीच्या फडात आपण काय करतो? जत्रेत पैलवानाला इनाम लावतो. तालमीतल्या पोराच्या खुराकाचा खर्च कुणीतरी उचलतो. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पैलवान पोसले म्हणून त्या गावात कुस्ती वाढली. दूध, तूप, बदाम फुकट येत नाहीत. खाशाबा जाधव आपल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. त्यांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक आणलं. बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण जायच्या खर्चासाठी त्यांना वर्गणी गोळा करत हिंडावं लागलं होतं, आणि परत आल्यावर पोलिसात नोकरी मिळायला १९५५ साल उजाडलं. मिरवणुकीने चूल पेटत नाही.

सुभाष गुप्ते यांचा जन्म ११ डिसेंबर १९२९ रोजी मुंबईत झाला. वडिलांचं नाव पंढरीनाथ. धाकटा भाऊ बाळू हाही फिरकी गोलंदाज होता आणि तोही पुढे भारतातर्फे कसोटी सामने खेळला. एका घरातले दोन भाऊ, दोघांच्या बोटांत एकच विद्या.

ही विद्या काय आहे ते जरा नीट समजून घेऊ. तुमची पोरं माळावर क्रिकेट खेळतात, ते तुम्ही पाहता. मोठ्या सामन्यात खेळपट्टीची लांबी ६६ फूट असते. गुंठ्याची एक बाजू ३३ फूट, तर तशा दोन बाजू. या टोकाला गोलंदाज, त्या टोकाला फलंदाज. चेंडू कातड्याचा, वजनाला सुमारे १६० ग्रॅम, मधोमध शिवण. वेगवान गोलंदाज लांबून पळत येतो आणि दणका देतो. फिरकीवाला चार पावलं चालत येतो. त्याचा चेंडू सावकाश येतो. बघणाऱ्याला वाटतं, हा काय, कुणीही मारेल. पण चेंडू हातातून सुटताना मनगट आणि बोटं त्याला भोवऱ्यासारखी गरकी देतात. तो जमिनीवर टप्पा घेतो आणि तिथून वाट बदलतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या पायाकडून निघून तो त्याच्या अंगापासून लांब पळतो. याला लेगस्पिन म्हणतात. फलंदाज बॅट घालतो एका जागी, चेंडू जातो दुसऱ्या जागी.

एवढ्यावर भागत नाही. फलंदाजही शहाणा असतो. चेंडू लांब पळणार हे त्याला कळतं, मग तो तशी तयारी ठेवतो. तेव्हा गोलंदाज काय करतो? हात तसाच फिरवतो, पण शेवटच्या क्षणी मनगट असं वळवतो की चेंडू पंज्याच्या मागच्या बाजूने सुटतो आणि उलटा, आत येतो. याला गुगली म्हणतात. गुप्ते यांच्याकडे गुगलीचे दोन प्रकार होते असं जाणकार सांगतात. एक ओळखू यायचा, दुसरा नाही. पहिला टाकून ते फलंदाजाला खूश करत आणि दुसऱ्याने घरी पाठवत. बाजारात एक भाव दाखवून दुसरा लावणारा व्यापारी आपल्याला ठाऊक आहे. फरक इतकाच की इथे कुणाचं नुकसान होत नाही.

हे कसब अवघड आहे. मनगट जरा चुकलं की चेंडू आखूड पडतो, नाहीतर थेट फलंदाजाच्या हातात. म्हणून लेगस्पिन टाकणारे पुष्कळ निघतात आणि टिकणारे थोडे. पोर बारा-तेरा वर्षांचं असताना सुरुवात करावी लागते आणि रोज शेकडो चेंडू टाकावे लागतात. गुप्ते यांनी ते केलं होतं. बोटांची सालं निघतात तेव्हा ही विद्या येते.

१९५१ साल संपता संपता कलकत्त्याला इंग्लंडविरुद्ध ते पहिला कसोटी सामना खेळले. पण त्यांचं नाव झालं ते १९५३ साली, वेस्ट इंडीजच्या दौऱ्यात. वेस्ट इंडीज हा एक देश नव्हे. अमेरिकेच्या दोन खंडांच्या मधल्या समुद्रातली ती बेटं आहेत. जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद अशी त्यांची नावं. क्रिकेटपुरती ती एकत्र येतात. त्या दौऱ्यात भारताचे कर्णधार होते विजय हजारे. हे आपल्या सांगलीत जन्मलेले, एका शिक्षकाचे चिरंजीव. (शिक्षकाचं पोर म्हटलं की आम्हाला जरा जास्त आनंद होतो, तो तुम्ही चालवून घ्या.)

वेस्ट इंडीजकडे तेव्हा तीन जबरदस्त फलंदाज होते. वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट. तिघेही बार्बाडोसचे. पहिला कसोटी सामना त्रिनिदाद बेटावरच्या पोर्ट ऑफ स्पेन शहरात झाला. तिथल्या मैदानात त्या वेळी खेळपट्टीवर तागाची चटई अंथरत असत. वीक्स यांनी २०७ धावा कुटल्या. दुसऱ्या कुणाची छाती फुटली असती. गुप्ते चेंडू टाकतच राहिले. साठाच्या वर षटकं टाकली. एका षटकात सहा चेंडू, म्हणजे साडेतीनशेच्या वर चेंडू त्यांनी एकट्याने टाकले, आणि सात गडी बाद केले. पाच सामन्यांच्या त्या मालिकेत त्यांनी २७ बळी घेतले. भारत ती मालिका एका सामन्याने हरला, पण तिकडच्या लोकांनी गुप्ते यांना मनात ठेवलं. त्रिनिदादचा विल्फ्रेड फर्ग्युसन नावाचा असाच एक फिरकीवाला होता. त्याच्यावरून यांना 'फर्गी' हे टोपणनाव पडलं, ते जन्मभर चिकटलं.

आणि याच बेटावर त्यांची एका मुलीशी ओळख झाली. मुलगी तिथलीच, पण मूळ हिंदी वंशाची. पुढे ती त्यांची पत्नी झाली.

आता तुम्ही विचाराल, इतक्या लांब हिंदी वंशाची मुलगी कुठून आली? हे सांगायला हवं, कारण यात ऊस आहे आणि ऊस आपल्या जिव्हाळ्याचा. त्रिनिदादमध्ये इंग्रजांचे उसाचे मळे होते. आधी आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांकडून तिथे काम करून घेत. गुलामगिरी बंद झाली, तेव्हा मळेवाल्यांना मजूर हवे झाले. मग त्यांनी हिंदुस्थानकडे पाहिलं. कागदावर अंगठा घ्यायचा, पाच वर्षांचा करार करायचा आणि जहाजात बसवायचं. पहिलं जहाज ३० मे १८४५ रोजी त्रिनिदादला लागलं. त्याचं नाव फतेल रझाक. ही पद्धत १९१७ साली बंद झाली. तोवर दीड लाखाच्या आसपास माणसं त्या एका बेटावर गेली होती. बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशाकडची. कागदावर काय लिहिलंय ते त्यांतल्या पुष्कळांना वाचता येत नव्हतं. आपण इथे संध्याकाळी पाटी घेऊन का बसतो, हे वेगळं सांगत नाही.

ती माणसं तिथेच राहिली. त्यांची नातवंडं, पणतवंडं आज तिथली नागरिक आहेत. होळीला ती फगवा म्हणतात, दिवाळीला पणत्या लावतात, डाळ भरलेली पुरी खातात. त्यांच्यातलाच सनी रामाधीन नावाचा एक फिरकी गोलंदाज १९५० साली वेस्ट इंडीजतर्फे खेळला. हिंदी वंशाचा तो त्या संघातला पहिलाच. गुप्ते आणि रामाधीन दोघेही १९२९ सालचे. १९५३ च्या मालिकेत दोघे समोरासमोर होते. एकाचे वाडवडील करारावर त्रिनिदादला गेलेले. दुसरा पुढे आपणहून तिथे राहायला जाणार होता, पण ते अजून दोघांनाही ठाऊक नव्हतं.

नाव झालं, पण पोटाचं काय? त्या काळी भारतातर्फे खेळणाऱ्याला फार थोडे पैसे मिळत. वर्षातून थोडेच सामने. बाकीचे दिवस नोकरी, नाहीतर एखाद्या राजाचा किंवा कंपनीचा आश्रय. गुप्ते मुंबईखेरीज बंगालकडून आणि राजस्थानकडूनही खेळले. देशातल्या देशात हे स्थलांतर झालं. त्यापुढची पायरी म्हणजे इंग्लंड.

इंग्लंडच्या उत्तरेला लँकेशायर नावाचा परगणा आहे. सुताच्या गिरण्यांचा मुलूख. आपल्याकडचा कापूस तिकडे जायचा आणि कापड होऊन इकडे यायचं, ते याच भागातून. स्वदेशीच्या चळवळीमुळे तिकडच्या गिरण्यांना झळ बसली, तेव्हा १९३१ साली महात्मा गांधी स्वतः लँकेशायरमध्ये जाऊन गिरणी कामगारांना भेटले होते. या मुलखातल्या छोट्या छोट्या गावांनी १८९२ साली क्रिकेटची एक स्पर्धा सुरू केली. तिला लँकेशायर लीग म्हणतात. नियम असा की गावच्या संघात सगळी गावचीच माणसं. विणकर, फिटर, दुकानदार, मास्तर. फक्त एक खेळाडू पगारी. त्याला 'प्रोफेशनल' म्हणायचं. तो कुठूनही आणावा, पण एकच.

हा पगारी माणूस म्हणजे गावाचा भाड्याचा बैल म्हणा ना. शनिवारी दुपारी सगळा गाव मैदानावर. त्याने बळी घ्यायचे, त्यानेच धावा काढायच्या, आठवड्यात पोरांना शिकवायचंही. त्याने पन्नास धावा काढल्या किंवा पाच बळी घेतले की प्रेक्षकांत डबा फिरायचा आणि लोक खुशीने नाणी टाकायचे. आपल्याकडे तमाशात दौलतजादा करतात तशातलाच प्रकार. आणि हरला तर? पैसे मोजणारा गिरणी कामगार तोंडावर बोलून दाखवतो. कसोटी सामन्यात दहा जण सोबतीला असतात. इथे हिशेब एकट्याच्या नावावर.

या गावांत बाहेरून पुष्कळ मोठमोठे खेळाडू आले. त्रिनिदादचे लिअरी कॉन्स्टंटाईन १९२९ पासून नेल्सन गावात खेळले आणि तिथे घरच्यासारखे झाले. आपले विजय हजारे रॉटनस्टॉलकडून खेळले. दत्तू फडकर कोल्हापूरचे, तेही या लीगमध्ये पगारी खेळाडू होते. सुभाष गुप्ते गेले रिश्टन गावाला. ब्लॅकबर्न शहराजवळचं हे गिरण्यांचं गाव. १९५४ सालच्या उन्हाळ्यात ते तिथे होते आणि पुढेही काही हंगाम खेळले.

जरा कल्पना करा. मुंबईच्या घामट हवेत वाढलेला पंचविशीतला मुलगा. तिकडचा उन्हाळा आपल्या श्रावणासारखा, बारीक पाऊस आणि वर गारठा. फिरकी गोलंदाजाची सारी दौलत बोटांत. बोटं गारठली की चेंडू साबणासारखा सुटतो. तरी शनिवार आला की मैदानावर उभं राहायचं. त्यातच तो खरा पोलादी झाला असं आमचं मत आहे. रोज एकट्याने ओझं ओढणाऱ्याला पुढे मोठ्या ओझ्याचं भय वाटत नाही.

इंग्लंडात त्या वेळी आणखी एक गंमत होती. गंमत म्हणायची, पण ती कडू होती. क्रिकेट खेळणाऱ्यांच्या दोन जाती. पैसे न घेता खेळणारा तो सभ्य गृहस्थ, पैसे घेणारा तो नुसता खेळाडू. कितीतरी मैदानांवर दोघांना कपडे बदलायला वेगळ्या खोल्या, मैदानात यायला वेगळी दारं. ही भानगड १९६२ साली मोडीत निघाली. ज्याच्या घरी जमीनजुमला आहे त्याने पैसे न घेणं सोपं आहे. ज्याच्या घरी नाही त्याला पैसे घेतल्याबद्दल खालच्या दाराने आत आणायचं, हा न्याय आम्हाला कधी पटला नाही.

ही वर्षं गुप्ते यांच्या भरभराटीची. १९५४-५५ च्या हंगामात मुंबईत पाकिस्तानातून आलेल्या एका संघाविरुद्ध त्यांनी एका डावातले दहाच्या दहा बळी घेतले. दिल्या फक्त ७८ धावा. अकरा जणांच्या संघात बाद होतात दहा, म्हणजे सगळा संघ एकट्याने कापला. मग न्यूझीलंडचा संघ १९५५ साली भारतात आला, त्या मालिकेत यांनी ३४ बळी घेतले. डिसेंबर १९५८ मध्ये कानपूरला वेस्ट इंडीजविरुद्ध १०२ धावा देऊन एका डावात ९ बळी घेतले. कसोटीत एका डावात नऊ बळी घेणारे ते पहिले भारतीय. दहावाही मिळाला असता, पण त्यांच्या चेंडूवर लान्स गिब्ज याचा झेल यष्टिरक्षकाच्या हातून सुटला. मग तोच गडी पुण्याच्या वसंत रांजणे यांनी बाद केला. रांजण्यांचा तो पहिलाच कसोटी सामना. त्यांना तरी कसा राग द्यावा!

वेस्ट इंडीजचे गॅरी सोबर्स हे जगातल्या थोर खेळाडूंपैकी एक. आपण पाहिलेला सर्वांत चांगला लेगस्पिन गोलंदाज गुप्तेच, असं ते पुढेही सांगत आले.

आता पुढचा भाग. हा सांगताना आम्हाला बरं वाटत नाही, पण तोच टाळला तर भाषण कशाला करायचं?

डिसेंबर १९६१. इंग्लंडचा संघ भारतात आलेला. कानपूरच्या सामन्यात गुप्ते यांनी एका डावात पाच गडी बाद केले आणि इंग्लंडवर फॉलोऑनची, म्हणजे लागोपाठ दुसऱ्यांदा फलंदाजीला उतरण्याची पाळी आली. भारताविरुद्ध इंग्लंडवर अशी वेळ पहिल्यांदाच आली होती. त्यानंतर पुढचा सामना दिल्लीला. संघ एका मोठ्या हॉटेलात उतरला होता. एका खोलीत दोन खेळाडू अशी व्यवस्था. गुप्ते यांच्या खोलीत दुसरा एक खेळाडू होता. त्याचं नाव आम्ही घेत नाही, तोही आता हयात नाही. त्या दुसऱ्याने खोलीतून फोन करून हॉटेलात काम करणाऱ्या मुलीला काम संपल्यावर भेटायला बोलावलं. मुलीला ते आवडलं नाही. तिने भारतीय संघाच्या व्यवस्थापकाकडे तक्रार केली. तिने केलं ते बरोबरच केलं. बायकांनी अशा वेळी गप्प बसू नये.

पण तक्रार आली ती खोलीच्या नावाने. खोलीत माणसं दोन. फोन केला एकाने. मंडळाने शिक्षा केली दोघांना. पुढच्या सामन्याच्या संघातून दोघांचीही नावं काढली.

गुप्ते यांनी आपली बाजू सांगितली की फोन आपण केला नाही. त्यावर त्यांना विचारलं गेलं की मग त्याला थांबवलं का नाही? वाढत्या वयाचा, थोराड माणूस, त्याला आपण कसं थांबवणार, असं त्यांचं म्हणणं. ते कुणाच्या गळी उतरलं नाही. आम्ही शाळेत बाकावरच्या दोन मुलांतल्या एकाने खोडी काढलेली पुष्कळदा पाहिली आहे. घाईत असलेला मास्तर दोघांनाही उभं करतो. त्यात मास्तरचा वेळ वाचतो. पण जो मुलगा काही न करता उभा राहतो, तो त्या दिवशी शाळेबद्दल काय शिकतो, ते त्याच्या डोळ्यांत दिसतं.

त्याच आठवड्यात गुप्ते यांना बत्तीस वर्षं पूर्ण झाली होती. फिरकी गोलंदाजाच्या दृष्टीने हे वय म्हातारपणाचं नव्हे. उलट आंबा पिकायला लागलेला असतो. दिल्लीचा तो सामना त्यांचा शेवटचा कसोटी सामना ठरला. ३६ सामने, १४९ बळी. दीडशेला एक कमी. त्यानंतरचे दोन सामने कलकत्त्याला आणि मद्रासला झाले, दोन्ही भारताने जिंकले. इंग्लंडविरुद्धची मालिका भारताने जिंकली ती ही पहिली. देशभर पेढे वाटले असतील. कानपूरला इंग्लंडला वाकवणारा माणूस त्या वेळी संघाबाहेर होता.

लगेच १९६२ साली वेस्ट इंडीजचा दौरा होता. ज्या बेटांवर गुप्ते यांचं नाव पोराटोरांच्या तोंडी होतं, तिथेच जायचं होतं. त्यांना निवडलं नाही. भारत पाचही सामने हरला. त्या दुसऱ्या खेळाडूला पुढे १९६४ साली पुन्हा भारतातर्फे खेळायला मिळालं. गुप्ते यांना पुन्हा कुणी बोलावलं नाही.

मग ते त्रिनिदादला गेले. त्यांच्या पत्नीचं ते माहेर. १९६३-६४ च्या हंगामात ते त्रिनिदादच्या संघातूनही खेळले. पुढे त्यांनी तिथल्या साखरेच्या धंद्यात नोकरी धरली. ज्या उसासाठी बिहारचे मजूर तिथे नेले, त्याच उसाच्या धंद्यात मुंबईचा हा गोलंदाज पोटाला लागला. त्रिनिदाद ३१ ऑगस्ट १९६२ रोजी इंग्रजांपासून स्वतंत्र झालं होतं. नवा देश, नवी माणसं. तिथे त्यांनी संसार केला, मुलंबाळं वाढवली. तिथला साखरेचा मोठा सरकारी कारखानाही २००३ साली बंद पडला, पण ती वेगळी कहाणी आहे.

इथे आमच्या मनात एक विचार येतो, तो बोलून दाखवतो. लग्नामुळे ते तिकडे गेलेच असते, असं काहीजण म्हणतात. असेलही. माणूस घर कुठे करतो याला एकच कारण नसतं. पण आपल्या घरातून मानाने निघणं आणि दार लावून घेतल्यावर निघणं, यात फरक आहे. बायकोच्या गावी राहायला जाणाऱ्या जावयाला आपल्याकडे घरजावई म्हणून हसतात. गुप्ते यांना तिकडे कुणी हसलं नाही. इकडेच त्यांना एका फोनचा हिशेब द्यावा लागला, आणि तो फोन त्यांचा नव्हता.

रामाधीन यांचं उलट झालं. ते त्रिनिदाद सोडून लँकेशायरकडे गेले, तिथल्या लीगमध्ये वर्षानुवर्षं खेळले आणि इंग्लंडातच राहिले. २०२२ साली ते वारले. एक त्रिनिदादहून लँकेशायरला, दुसरा लँकेशायर करून त्रिनिदादला. एकाच वर्षी जन्मलेले दोन फिरकीवाले, दोघांचेही पूर्वज आपल्या मातीतले, आणि दोघांचाही शेवट परक्या भूमीत.

भारतातल्या मंडळाला गुप्ते यांची आठवण पुष्कळ उशिरा झाली. २००० साली त्यांना सी. के. नायडू यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार मिळाला. वय सत्तर. शिक्षेला एका आठवड्याचाही उशीर झाला नव्हता.

त्याआधी एक गोष्ट घडली होती. ७ फेब्रुवारी १९९९ रोजी बंगळूरच्या अनिल कुंबळे यांनी पाकिस्तानविरुद्ध कसोटीत एका डावातले दहाही बळी घेतले. तेही लेगस्पिनवालेच. मैदान होतं दिल्लीचं, फिरोजशहा कोटला. गुप्ते यांचा शेवटचा कसोटी सामना जिथे झाला तेच. गुप्ते तेव्हा हयात होते, दूर त्रिनिदादमध्ये.

३१ मे २००२ रोजी पोर्ट ऑफ स्पेन शहरात सुभाष गुप्ते वारले. ते बहात्तर वर्षांचे होते. ज्या शहरात वीक्सच्या द्विशतकासमोर त्यांनी सात बळी घेतले होते, तेच हे शहर.

आता पाट्या घ्या. आजच्या भाषणातले तीन शब्द लिहायचे आहेत. पहिला 'सुभाष'. यातला 'ष' पोटफोड्या आहे, शेंडीचा 'श' काढू नका. दुसरा 'गुप्ते'. अर्ध्या 'प'ला 'त' जोडायचा, वर एक मात्रा. तिसरा 'त्रिनिदाद'. 'त'ला 'र' जोडला की 'त्र' होतो, त्याला पहिली वेलांटी. ज्यांचं लवकर होईल त्यांनी मुंबईला किंवा पुण्याला गेलेल्या आपल्या घरच्या माणसाचं नाव आणि तो जिथे राहतो त्या जागेचं नाव, दोन्ही खाली लिहावीत. कंदील आहे तोवर आम्ही बसलो आहोत. वीज गेली तरी घाई नाही.